घरच्या घरी मीलवर्मची पैदास: अळीपासून पुढच्या पिढीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

मीलवर्मचा डबा सुरू करणं सोपं आहे. कोंडा घातला, अळ्या सोडल्या, गाजराचा तुकडा टाकला की पहिला महिना सगळं छान चाललेलं दिसतं. डबे बिघडतात ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. कोंड्याला वास मारू लागतो, कडेला तपकिरी धूळ साचते, भुंगेरे भरपूर दिसतात पण लहान अळ्या कुठेच नसतात. बहुतेक वेळा कारणं दोनच निघतात. एक तर ओलावा जास्त झालेला असतो, नाहीतर अंडी, अळ्या, कोष आणि भुंगेरे हे सगळे एकाच डब्यात कोंबलेले असतात. या लेखात ही दोन कारणं टाळण्यावरच भर आहे. ज्यांना मासे, पक्षी, सरडे किंवा बेडकांसाठी खाद्य म्हणून अळ्यांचा नियमित पुरवठा हवा आहे, त्यांनी क्रम न बदलता हे टप्पे पाळावेत.

### आधी खात्री करा: अळी नक्की कोणती?

मीलवर्म म्हणजे टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याची अळी. पूर्ण वाढलेली अळी अडीच ते तीन सेंटिमीटर लांब, पिवळसर तपकिरी आणि कडक अंगाची असते. विकत घेताना दोन गोष्टींत गल्लत होते.

पहिली गल्लत सुपरवर्मशी. ती झोफोबास नावाची वेगळी जात आहे. तिची अळी जवळपास पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि गर्दीत असेपर्यंत कोषात जात नाही. तिला एकेकटं वेगळं ठेवावं लागतं, त्यामुळे खालची पद्धत तिला लागू पडत नाही.

दुसरी गल्लत ‘जायंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अळ्यांशी. यातल्या बऱ्याच साध्याच मीलवर्म असतात, पण त्या कोषात जाऊ नयेत म्हणून त्यांना संप्रेरक दिलेलं असतं. खाऊ घालायला त्या चालतात, पैदाशीला नाही. विक्रेत्याला तसं स्पष्ट विचारा.

### वेळेचा अंदाज

२५ ते २८ अंश सेल्सिअस तापमानात साधारण असं चालतं:

- अंड्यातून अळी बाहेर पडायला १ ते २ आठवडे
- अळीची पूर्ण वाढ व्हायला १० ते १२ आठवडे, कधी जास्त
- कोषावस्था ६ ते १० दिवस
- भुंगेऱ्याचं आयुष्य २ ते ३ महिने

म्हणजे आज मोठ्या अळ्या आणल्या, तर त्यांच्या पुढच्या पिढीच्या खाण्याजोग्या अळ्या हातात यायला चार ते पाच महिने लागतात. तापमान २० अंशांच्या आसपास असेल तर हाच काळ सहज दुपटीवर जातो. तोपर्यंत प्राण्यांसाठी खाद्य बाहेरून आणत राहा. पैदाशीच्या अळ्यांतून ‘थोड्याशा’ काढून खाऊ घालणं, हे पहिल्याच पिढीत साखळी तुटण्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

## टप्पा १: डबे आणि सामान

एका डब्यावर भागत नाही. सुरुवातीला किमान पाच पसरट ट्रे हवेत: एक मोठ्या अळ्यांना, एक कोषांना, एक भुंगेऱ्यांना, आणि निदान दोन अंडी व लहान अळ्यांसाठी. पुढे लहान अळ्यांचे ट्रे वाढत जातात. सगळे एकाच मापाचे घेतलेत तर रचून ठेवता येतात.

ट्रे ३० × २० सेंटिमीटरचा, १० ते १५ सेंटिमीटर उंचीचा, आतून गुळगुळीत प्लास्टिकचा असावा. अळ्या आणि भुंगेरे दोघांनाही गुळगुळीत भिंत चढता येत नाही. पण आतल्या बाजूला ओरखडे असतील, चिकटपट्टीचा डिंक राहिला असेल किंवा कोपऱ्यात धूळ जमली असेल, तर त्याच वाटेने ते बाहेर पडतात. लाकडी खोकी आणि पुठ्ठ्याचे डबे घेऊ नका. अळ्या ते कुरतडतात.

झाकण लागत नाही. घरात पाली, उंदीर किंवा मांजर असेल तर झाकणाचा मधला भाग कापून तिथे बारीक धातूची जाळी बसवा. घट्ट झाकण कधीही लावू नका. खाली वाफ धरते आणि बुरशी येते.

बाकीचं सामान:

- तीन चाळण्या: पिठाची बारीक चाळणी, रव्याची मध्यम चाळणी, आणि साधारण ३ मिलिमीटर भोकांची जाड चाळणी
- प्लास्टिकचा चमचा आणि मऊ ब्रश
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर
- मार्कर आणि चिकटपट्टी
- मास्क आणि हातमोजे

मार्कर विसरू नका. या कामात तारीख लिहिलेला ट्रे हे सगळ्यात उपयोगी अवजार आहे. अंडी कोंड्यात दिसत नाहीत, त्यामुळे कुठला ट्रे किती दिवसांचा आहे हे केवळ बघून सांगता येत नाही.

सावधान: मीलवर्मची विष्ठा आणि कातीची धूळ नाकातोंडात जाऊन काहींना ॲलर्जी होते. शिंका, डोळ्यांना खाज, दमा असे त्रास होऊ शकतात. कोळंबीसारख्या कवचधारी जलचरांची किंवा घरातल्या धुळीतल्या माइटची (डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या, कोळ्याच्या जातकुळीतल्या बारीक जिवांची) ॲलर्जी असेल तर जास्त काळजी घ्या. चाळायचं काम मास्क लावून, मोकळ्या हवेत करा.

## टप्पा २: कोंडा तयार करणं

गव्हाचा कोंडा हे अळ्यांचं अंथरूणही आहे आणि अन्नही. ३० × २० च्या ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर थर द्यायला साधारण तीन लिटर, म्हणजे ६०० ते ७०० ग्रॅम कोंडा लागतो. कोंड्यात थोडे दळलेले ओट्स मिसळले तरी चालतं. नुसतं पीठ वापरू नका. ते दाबून बसतं, हवा खेळत नाही, आणि ओलावा लागला की त्याच्या गुठळ्या होतात.

वाढ चांगली हवी असेल तर दर १०० ग्रॅम कोंड्याला ५ ग्रॅम सुकं, निष्क्रिय यीस्ट किंवा साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. कोंड्यात प्रथिनं मर्यादित असतात, आणि ती कमी पडली की भुंगेरे कमी अंडी घालतात आणि अळ्या एकमेकींना खायला लागतात.

आता सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी. बाहेरून आणलेल्या कोंड्यात धान्यातल्या माइटची, सोंड्यांची आणि पाखरांची अंडी असू शकतात. ती मारल्याशिवाय कोंडा वापरायचा नाही.

1. कोंडा घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत भरा. एका पिशवीत एक किलोपेक्षा जास्त नको, नाहीतर मधल्या भागापर्यंत गारवा पोचायला वेळ लागतो.
2. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये किमान चार दिवस ठेवा. आठवडा ठेवलात तर उत्तम.
3. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवा. कोंडा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा दिवस, उघडू नका.

तिसऱ्या पायरीतच बरेच जण चुकतात. गार कोंडा उघडला की हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं आणि इतक्या निगुतीने जपलेला कोंडा पहिल्याच दिवशी दमट होतो. फ्रीजरमध्ये जागा नसेल तर ओव्हनमध्ये पातळ थर पसरून ६० अंशांवर तासभर तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावर वापरा.

तपासणी: नवीन कोंडा सगळ्या ट्रेमध्ये घालण्याआधी वाटीभर कोंड्यात दहा अळ्या सोडून तीन दिवस बघा. धान्य साठवताना कीटकनाशक वापरलेलं असेल तर त्या सुस्त पडतात, काळवंडतात किंवा मरतात. एकही मेली तरी तो कोंडा बाजूला ठेवा.

कोंबड्यांचं तयार खाद्य स्वस्त पर्याय म्हणून वापरलं जातं. त्यात औषधं असू शकतात, आणि काहींमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून डायटोमेशियस अर्थ मिसळलेली असते. ती भुकटी किड्यांच्या कवचावरचा मेणाचा थर खरवडते आणि त्यांना वाळवून मारते. पिशवीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय असं खाद्य वापरू नका.

## टप्पा ३: जागा

तापमान २५ ते २८ अंश आणि आर्द्रता ६० ते ७० टक्के असेल तर काम सुरळीत चालतं. ३० च्या वर गेलं की अंडी आणि वाढ दोन्ही घटतात, ३५ च्या पुढे मर सुरू होते. थंडीत उष्णतेची गादी वापरायची असेल तर ती ट्रेच्या अर्ध्याच भागाखाली ठेवा, म्हणजे ज्यांना नको असेल त्या दुसऱ्या बाजूला सरकतात.

ट्रे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा. धान्य आणि पीठ साठवता त्या खोलीत अजिबात नको, कारण निसटलेला भुंगेरा साठवणीच्या धान्याची कीडच आहे.

डास पळवणारी लिक्विडं, अगरबत्त्या, स्प्रे आणि डांबराच्या गोळ्या या खोलीत चालणार नाहीत. डासांवर चालणारी औषधं भुंगेऱ्यांवरही चालतात. मुंग्यांचा उपद्रव असेल तर टेबलाचे पाय साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्याच्या वाट्यांमध्ये ठेवा.

## टप्पा ४: अळ्या आणणं आणि रुळवणं

सुरुवातीला ५०० अळ्या पुरतात. मोठ्या अळ्या ग्रॅममागे आठ ते दहा भरतात, म्हणजे वजन साधारण ५० ते ६० ग्रॅम. सगळ्या एकाच आकाराच्या घेऊ नका. मोठ्या आणि मध्यम मिसळून घेतल्या की कोष एकाच आठवड्यात न येता टप्प्याटप्प्याने येतात, आणि हाताळायला सोपं जातं.

आणल्यावर त्या ज्या भुशात किंवा कागदात आल्या असतील ते सगळं टाकून द्या. माइट बहुधा तिथूनच घरात शिरतात. अळ्या मध्यम चाळणीत घेऊन हलक्या हाताने चाळा, मेलेल्या काळ्या अळ्या वेचून काढा, आणि तयार कोंड्यावर पसरा. जिवंत अळ्या काही मिनिटांत खाली शिरतात. ज्या तासाभराने वरच निपचित पडलेल्या दिसतील त्या काढून टाका. फ्रीजमधून आणलेल्या अळ्यांना मात्र जागं व्हायला वेळ द्या.

## टप्पा ५: ओलावा (घाई न करता वाचा)

मीलवर्मला पाण्याची वाटी नको, फवारा नको, ओला स्पंज नको. पाणी मिळतं ते फक्त भाजीच्या फोडीतून. सर्वांत सोयीचं गाजर. ते सावकाश वाळतं आणि कमी सडतं. सोललेला बटाटा चालतो, पण त्याचे हिरवे भाग आणि कोंब काढून. काकडी, टोमॅटो, कलिंगड यांचं पाणी सुटतं आणि खालचा कोंडा चिकट होतो, म्हणून ती नकोत. पालेभाजी धुवून पूर्ण कोरडी केली तरच द्या, आणि तीसुद्धा थोडीच.

एका ट्रेला बोटाएवढ्या जाडीच्या दोन चकत्या पुरतात. गाजर नीट धुवा, कारण सालीवर कीटकनाशक असू शकतं. मग पुसून कोरडं करा. चकती थेट कोंड्यात खुपसू नका. खाली पुठ्ठ्याचा छोटा तुकडा ठेवून त्यावर ठेवा, म्हणजे ओल पुठ्ठ्यात जिरते आणि उरलेला तुकडा एकाच हालचालीत उचलता येतो.

प्रमाण ठरवायचा नियम सोपा आहे. २४ तासांनी बघा. चकती पोखरून जाळी झाली असेल किंवा फक्त वाळकं सालपट उरलं असेल, तर प्रमाण बरोबर आहे. अजून रसरशीत असेल तर पुढच्या वेळी निम्मं द्या. अळ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. भुंगेऱ्यांना मात्र एक दिवसाआड द्या, कारण पाणी कमी पडलं की ते अंडी घालणं कमी करतात आणि घातलेली अंडी खायला लागतात.

शंका आली तर कमी द्या. कोरड्या ट्रेमध्ये अळ्या सावकाश वाढतात, एवढंच नुकसान. ओल्या ट्रेमध्ये आठवड्याभरात सगळं जातं.

तपासणी: तळाचा मूठभर कोंडा घेऊन दाबा आणि मूठ उघडा. तो भुरभुर सांडला पाहिजे. लाडवासारखा वळला, तर लगेच भाजी बंद करा आणि कोंडा पसरून हवेशीर ठेवा. अमोनियाचा उग्र वास येत असेल तर तळचा थर बदलायलाच हवा.

## टप्पा ६: कोष वेगळे करणं

दोन-चार आठवड्यांत मोठ्या अळ्या जाड होतात, सुस्तावतात, अंग वाकवून वरच्या थरात पडून राहतात. दोन-तीन दिवसांत त्या शेवटची कात टाकून कोष बनतात. कोष पांढुरका, मऊ, पुढून जाड आणि शेपटीकडे निमुळता असतो. त्याला पाय असल्यासारखं दिसतं, पण त्याला चालता येत नाही आणि तो काही खात नाही. ब्रशने हळूच स्पर्श केला की शेपटीकडचा भाग वळवळतो. जिवंत असल्याची खूण तीच.

ही अवस्था सगळ्यात नाजूक. अळ्यांना तहान लागली असेल तर त्या कोष पोखरून रस पितात, आणि भुंगेरेही तेच करतात. म्हणून दर दोन दिवसांनी अळ्यांचा ट्रे तपासून कोष चमच्याने उचला. चिमटा वापरू नका, आणि कात अजून चिकटलेली असेल तर ओढू नका. अंग अजून मऊ असतं, दाबले गेलेले कोष पुढे वाकड्या पंखांचे भुंगेरे देतात.

कोषांच्या ट्रेमध्ये सेंटिमीटरभर कोंडा किंवा साधा टिशू पेपर पसरून त्यावर कोष एकाच थरात ठेवा. भाजी नको. दर दोन दिवसांनी बघून काळे पडलेले, पाणी सुटलेले कोष काढा. फक्त डोळे, पाय आणि जबडे तपकिरी होत असतील तर घाबरू नका. भुंगेरा बाहेर यायच्या बेतात आहे.

नेहमीची चूक: बाहेर आलेले भुंगेरे कोषांच्या ट्रेमध्येच राहू देणं. ताजा भुंगेरा पांढरा आणि मऊ असतो, मग लालसर तपकिरी, आणि काही दिवसांत काळा होतो. तपकिरी झाला की त्याला भुंगेऱ्यांच्या ट्रेमध्ये हलवा. एक काळा भुंगेरा रात्रीत कित्येक कोष खराब करू शकतो.

## टप्पा ७: भुंगेऱ्यांचा ट्रे आणि तारखांचं चक्र

इथे कोंड्याचा थर तीन ते चार सेंटिमीटर पुरे. ३० × २० च्या ट्रेमध्ये १०० ते १५० भुंगेरे ठेवा. यापेक्षा जास्त झाले तर ते एकमेकांच्या वाटेत येतात आणि अंडी जास्त खाल्ली जातात. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा तुकडा वर पालथा ठेवला की त्यांना लपायला जागा मिळते, आणि तोच उचलून भुंगेरे सहज हलवताही येतात. पंख असले तरी ते सहसा उडत नाहीत.

कोषातून बाहेर आल्यावर आठवडा-दहा दिवसांनी मादी अंडी घालू लागते. आयुष्यभरात एक मादी काहीशे अंडी घालते, त्यातली बरीचशी सुरुवातीच्या काही आठवड्यांत. अंडं पांढरं, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर लांब, चिकट असतं. कोंड्याचे कण त्याला लगेच चिकटतात, म्हणून ते शोधत बसू नका. ट्रेच्या तळालाही अंडी चिकटलेली असतात.

दर सात ते दहा दिवसांनी हे करा:

1. नवीन ट्रेमध्ये ताजा कोंडा भरा.
2. जुन्या ट्रेमधली भाजी आणि पुठ्ठा काढा, पुठ्ठ्यावरचे भुंगेरे नवीन ट्रेमध्ये झटका.
3. उरलेला कोंडा ३ मिलिमीटरच्या चाळणीतून जुन्याच ट्रेमध्ये चाळा. भुंगेरे वर राहतील, अंड्यांसकट कोंडा खाली पडेल.
4. भुंगेरे नवीन ट्रेमध्ये टाका. मेलेले वेगळे काढा.
5. जुन्या ट्रेवर दोन तारखा लिहा: भुंगेरे कधी सोडले आणि कधी काढले.

कोंडा जुन्याच ट्रेमध्ये परत पडला पाहिजे, कारण तळाला चिकटलेली अंडी खरवडून काढता येत नाहीत.

सावधान: भुंगेऱ्यांच्या ट्रेमधली बारीक भुकटी ‘घाण’ समजून टाकू नका. तिच्यात अंडी असतात. पैदास होतच नाही अशी तक्रार असलेल्या डब्यांत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. दर आठवड्याला डबा इतका स्वच्छ केला जातो, की पुढची पिढी केराच्या टोपलीत जाते.

भुंगेरे दोन महिन्यांपुढे गेले की अंडी घटतात. तोवर कोषांतून नवीन तयार होत असतात. जुने आणि नवे मिसळले तरी चालतं.

## टप्पा ८: अंड्यांपासून मोठ्या अळ्यांपर्यंत

पहिले दोन-तीन आठवडे ट्रेला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, उकरायचं नाही, भाजी द्यायची नाही. अळी अंड्यातून बाहेर येते तेव्हा ती दोन मिलिमीटरची, पांढरी आणि केसाएवढी बारीक असते. ‘यातून काही झालंच नाही’ म्हणून चांगले भरलेले ट्रे तिसऱ्या आठवड्यात फेकले जातात. काढल्याच्या तारखेपासून निदान सहा आठवडे होईपर्यंत कुठलाही ट्रे टाकू नका.

तपासणी: तिसऱ्या आठवड्यानंतर खोली अंधारी करून कोंड्यावर तिरका टॉर्च मारा आणि मिनिटभर स्थिर बघा. पृष्ठभाग थरथरताना दिसतो. कोंड्याचे कण आपोआप हलत असतील तर खाली अळ्या आहेत.

आता भाजी सुरू करा, पण कागदासारखे पातळ काप, कडेला एकच, आणि दुसऱ्या दिवशी उचला. काप उचलताना तो ट्रेवरच झटका. त्याच्या खालच्या बाजूला बाळअळ्या चिकटलेल्या असतात आणि त्या कापाबरोबर केरात जातात.

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून कोंडा झपाट्याने संपतो. कोंड्याचे पापुद्रे दिसेनासे होऊन सगळं रेतीसारखं बारीक आणि एकसारखं दिसायला लागलं, की ती विष्ठा आहे, अन्न संपलंय. अळ्या सेंटिमीटरभर झाल्यावर बारीक चाळणीने विष्ठा चाळून काढा आणि ताजा कोंडा घाला. त्याआधी चाळू नका, लहान अळ्या चाळणीतून खाली जातात. चाळलेली भुकटी दोन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा, तिच्यातूनही अळ्या निघतात. नंतर चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून कुंड्यांना खत म्हणून वापरा.

वाढत्या अळ्या स्वतःच उष्णता तयार करतात. गच्च भरलेल्या ट्रेचा मधला भाग खोलीपेक्षा काही अंश गरम असतो. खोली २८ अंशांवर असताना ट्रेच्या मध्यावर ३४ भरू शकतात आणि अळ्या कारण न कळता मरतात. मीटरचं टोक कोंड्यात खुपसून बघा. गरम वाटला तर लगेच ट्रे दोनात विभागा. अळ्या सगळ्या वर येऊन भिंतीला टेकून उभ्या राहत असतील, तर ही गर्दीची किंवा ओलीची खूण समजा.

## टप्पा ९: काढणी, साठवण आणि खाऊ घालणं

अळ्या दोन सेंटिमीटरच्या झाल्या की काढणी सुरू करा. पण आधी पुढच्या पिढीसाठी दहा-पंधरा टक्के बाजूला काढा, आणि त्या सर्वांत लवकर वाढलेल्या, जाडजूड घ्या. उलटं केलंत, म्हणजे मोठ्या खाऊ घातल्या आणि खुरटलेल्या मागे ठेवल्या, तर पिढ्यागणिक अळ्या मंद आणि बारीक होत जातात.

जास्तीच्या अळ्या ७ ते १० अंशांवर, थोड्या कोंड्यात, हवा जाणाऱ्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवल्या की वाढ थांबते. आठवड्यातून एकदा बाहेर काढा, दिवसभर खोलीत ठेवून गाजर द्या, उरलेलं गाजर काढा आणि मग परत आत. तापमान चार अंशांखाली राहिलं तर त्या हळूहळू मरतात. लहान अळ्या आणि कोष फ्रीजमध्ये ठेवू नका.

खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस अळ्यांना चांगलं खाद्य द्या: ताजा कोंडा, गाजर, पालेभाजी. त्यांच्या पोटात जे असेल तेच तुमच्या प्राण्याला मिळतं. मीलवर्ममध्ये कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतं, त्यामुळे सरड्यांना आणि बेडकांना देताना कॅल्शियम कार्बोनेटची पावडर लावणं आवश्यक आहे. अळ्या वाटीत घेऊन चिमूटभर पावडर टाकून हलवा आणि लगेच द्या. ती पावडर पैदाशीच्या ट्रेमध्ये मात्र मिसळू नका.

मीलवर्म चरबीने जड असतात, म्हणून ते एकमेव खाद्य असू नये. लहान प्राण्यांना नुकती कात टाकलेल्या पांढऱ्या, मऊ अळ्या द्या, पचायला त्या हलक्या. अळी पोट कुरतडून बाहेर येते ही भीती खरी नाही. मात्र न खाल्लेल्या अळ्या पिंजऱ्यात सोडून ठेवू नका, त्या आजारी किंवा सुस्त प्राण्याला चावू शकतात.

## बिघाड ओळखणं

माइट. कोंड्यावर किंवा ट्रेच्या कडेला फिकट तपकिरी, अगदी बारीक धूळ दिसते आणि ती सावकाश हलते. खात्रीसाठी ती धूळ काळ्या कागदावर छोट्या ढिगात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांत ढीग आपोआप पसरला तर माइट आहेत. ते ओलीवर जगतात, म्हणून इलाज कोरडेपणा हाच. मोठ्या अळ्या आणि भुंगेरे चाळून पूर्ण नवीन, गोठवलेल्या कोंड्यात घाला. आठवडाभर भाजी बंद ठेवा, आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणा. जुना कोंडा पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि मग फेका. ट्रे उकळत्या पाण्याने धुवून उन्हात वाळवा. अंड्यांचा ट्रे बाधित झाला असेल तर तो वाचवायच्या फंदात पडू नका, त्याच्यातून माइट सगळीकडे पसरतात. चांगले ट्रे आधी हाताळा, बाधित शेवटी.

पाखरं आणि जाळी. कोंडा धाग्यांनी एकत्र बांधल्यासारखा दिसतो. कोंडा न गोठवल्याची खूण. जाळी धरलेला भाग काढा, आणि ट्रेवर बारीक जाळी बसवून नवीन पाखरं आत येणं बंद करा.

काळ्या, मऊ अळ्या. रोज एक-दोन मरणं चालतं. एकदम बऱ्याच मेल्या तर आधी तापमान, मग तळाची ओल, मग नवीन आणलेला कोंडा, या क्रमाने तपासा.

अळ्या कोषात जातच नाहीत. तापमान कमी आहे, गर्दी जास्त आहे, किंवा त्या संप्रेरक दिलेल्या आहेत. तापमान २६ अंशांवर आणा, ट्रे विरळ करा. महिनाभरात फरक पडला नाही तर त्या खाऊ घाला आणि पैदाशीसाठी दुसऱ्या आणा.

भुंगेरे भरपूर, अळ्या नाहीत. भुंगेरे हलवलेच जात नाहीयेत, किंवा भुकटी टाकली जातेय. टप्पा ७ पुन्हा पाहा.

कुठलीही अवस्था जिवंत असताना बाहेर किंवा कचऱ्यात टाकू नका. नको असलेले भुंगेरे, अळ्या आणि जुना कोंडा पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मगच टाका.